कामाचा फलक आणि वेळेची नोंद: दोन्ही कसं बसवावं

काम कुठे अडलंय हा एक प्रश्न आणि वेळ कुठे गेला हा दुसरा. पहिल्याचं उत्तर भिंतीवरचा फलक देतो, दुसऱ्याचं टाइमशीट, म्हणजे कोणत्या कामाला किती तास गेले त्याची नोंद. दोन्ही एकाच तक्त्यात कोंबले की माणसं तो तक्ता साहेबांसाठी भरू लागतात आणि त्यातून खरं काही कळेनासं होतं. म्हणून फलकापासून सुरुवात करा, वेळेची नोंद नंतर आणा.

फलक मांडा

कामाला ठरलेला क्रम आणि शेवटची तारीख असेल, तर हेन्री गँट यांनी १९१० च्या दशकात रूढ केलेला गँट चार्ट सोयीचा: आडव्या पट्ट्या, वर तारखा, कुठलं काम कशावर अवलंबून आहे ते एका नजरेत. कामं रोज नव्याने येत असतील, तर कानबान फलक बरा: कामाच्या प्रत्येक टप्प्याला एक रकाना, प्रत्येक कामाची एक चिठ्ठी, आणि काम पुढे सरकलं की चिठ्ठी पुढच्या रकान्यात. टोयोटाच्या कारखान्यात ताईची ओनो यांनी बसवलेल्या पद्धतीतून तो पुढे कार्यालयांत आला. पांढरा फळा आणि चिकटचिठ्ठ्या पुरतात. सॉफ्टवेअर नंतर घेता येतं.

रकाने पुस्तकातून उचलू नका. काम आपल्याकडे प्रत्यक्षात कुठे कुठे थांबतं ते बघा आणि तीच नावं द्या: ‘तपासणीची वाट’, ‘सहीसाठी’, ‘ग्राहकाकडे’. नुसतं ‘चालू’ लिहिलं तर अर्ध्या चिठ्ठ्यांची गर्दी तिथेच साचते आणि अडलेलं काम त्यात लपतं.

चिठ्ठीवर चार गोष्टी हव्यात: कामाचं नाव, कोणाकडे आहे, कधी हातात घेतलं, कधीपर्यंत हवं. रोज सकाळी न हललेल्या प्रत्येक चिठ्ठीवर पेनाने एक ठिपका द्या. पाच ठिपक्यांची चिठ्ठी बोलू लागते, कोणाला जाब विचारावा लागत नाही. ‘अहवाल: मुखपृष्ठ’ या चिठ्ठीवर सगळे ठिपके ‘सहीसाठी’ या रकान्यातच पडले असतील, तर मुखपृष्ठ करणाऱ्याला घाई करून उपयोग नाही.

हातातल्या कामांना मर्यादा घाला

फलकातला सगळ्यात मोलाचा नियम हाच, आणि सगळ्यात आधी मोडला जातो तोही हाच. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर एक आकडा लिहा. तेवढ्याच चिठ्ठ्या तिथे राहतील. यामागचं गणित साधं आहे: हातातली कामं भागिले आठवड्याला पुरी होणारी कामं, म्हणजे एका कामाला लागणारे सरासरी आठवडे. २४ कामं चालू आणि आठवड्याला ६ पुरी होत असतील, तर काम सरासरी ४ आठवडे रेंगाळतं. वेग तोच ठेवून चालू कामं १२ वर आणलीत तर २ आठवडे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये हा नियम सिद्ध केला. माणसांना अधिक ताणून मिळत नाही ते इथे नुसतं कमी हातात घेऊन मिळतं.

वेळेची नोंद

हजेरी आणि कामाचा वेळ वेगळे ठेवा. आल्या-गेल्याची वेळ पगारासाठी लागते. कोणत्या कामाला किती तास लागले ते पुढच्या अंदाजासाठी. कामाचे प्रकार सहा-सातच ठेवा, त्यात ‘बैठका’ आणि ‘इतर’ असू द्या. पाऊण-एक तासाची अचूकता मागायची तर नोंद त्याच दिवशी व्हायला हवी. शुक्रवारी आठवून भरलेलं टाइमशीट म्हणजे रोज आठ तासांची सुबक रांग असते, आणि ती कुणाच्याच कामाची नसते.

भरताना तीन ठिकाणी हटकून चूक होते. साडेसात तास ७.३० असे लिहायचे की ७.५ हे आधी ठरवा, कारण ७.३० ची दोनदा बेरीज केली तर १४.६० येते, खरे तास मात्र १५. एक्सेलमध्ये साध्या वेळेच्या फॉरमॅटवर ४० तासांची बेरीज १६:०० अशी दिसते; फॉरमॅटमधलं तासाचं अक्षर चौकोनी कंसात टाकलं ([h]:mm) की पूर्ण आकडा येतो. आणि रात्रपाळी मध्यरात्र ओलांडत असेल, तर संपल्याच्या वेळेत एक दिवस मिळवूनच वजाबाकी करा.

आठवड्यातून एकदा वाचा

अंदाज आणि प्रत्यक्ष तास शेजारी ठेवा. फरक एकाच प्रकारात पुन्हा पुन्हा दिसला, तर अंदाज बदला. व्यक्तीनुसार क्रमवारी लावू नका. ती लागली की लोक अवघड कामाचे तास ‘इतर’मध्ये टाकू लागतात, हे मी सांगूनच ठेवते. काय नोंदवलं जातं, कोण बघतं आणि किती दिवस ठेवलं जातं हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगा. स्वतःचे तास प्रत्येकाला बघता यायलाच हवेत.

महिन्याभराने ज्या प्रकाराखाली नोंदच आली नाही तो काढून टाका. ‘इतर’ फुगला असेल, तर त्यातलं सर्वांत मोठं काम वेगळं काढून त्याला स्वतःचं नाव द्या.