नाशपातीच्या फांदीचं गर्डलिंग: कुठे, किती रुंद

गर्डलिंग म्हणजे फांदीभोवतीचं सालीचं अरुंद कडं सोलून काढणं. ते काढलं की पानांत तयार झालेली साखर मुळांकडे न जाता कड्याच्या वरच अडते. फळ जरा मोठं होतं, गोडी वाढते आणि पक्वता काही दिवस आधी येते. लाकडातून वर चढणारं पाणी मात्र चालूच राहतं, म्हणून फांदी सुकत नाही.

पाकळ्या गळून काही आठवडे झाले, साल सहज सुटू लागली की कोरड्या दिवशी काम करा. जोमदार झाडाची मनगटाएवढी फांदी निवडा. दोन समांतर काप घेऊन ३ ते ५ मिमी रुंद कडं सोलून काढा. पांढरं लाकड दिसलं की थांबा, सुरी आत रुतवू नका. कडं जास्त रुंद झालं तर जखम भरत नाही, मुळं उपाशी राहतात. म्हणून सगळ्या फांद्यांना एकदम हात लावू नये. अशक्त झाडाला तर मुळीच नाही. दर झाडामागे सुरी ७० टक्के अल्कोहोलने पुसा, नाहीतर फायर ब्लाइट हा जिवाणूजन्य रोग तुम्हीच पसरवाल.

खरी चूक तोडणीला होते. या फांद्यांची फळं वेगळी तपासा आणि टणक असतानाच काढा. झाडावरच पिकू दिली तर गाभा तपकिरी, पिठूळ होतो.