काढलं तरी परत येतं, तेव्हा

मावशीच्या लॅपटॉपवर फुकटचा पीडीएफ कन्व्हर्टर टाकताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ झालं आणि आधीच टिक केलेल्या चौकटीतून हेरगिरीचं सॉफ्टवेअर आत शिरलं. अनइन्स्टॉल केलं, तरी रीस्टार्टनंतर हजर!

आधी नेट बंद करा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून ‘स्टार्टअप’ यादीतलं अनोळखी नाव डिसेबल करा. खरी मेख मात्र टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत असते. मावशीकडे तिथे दर लॉगिनला ऍपडेटा या (प्रोग्राम आपली माहिती ठेवतात त्या, एरवी लपलेल्या) फोल्डरमधली एक फाइल चालवणारं काम लावलेलं होतं. काढलेला प्रोग्राम तेच पुन्हा आणून बसवत होतं. आधी ते काम डिलीट करा, मग ती फाइल. ब्राउझरची एक्स्टेन्शन्सही बघा. नंतर डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्याच अँटीव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन लावा. तो विंडोज सुरू होण्याआधीच तपासतो, म्हणून दडलेलंही सापडू शकतं. बँकेचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून, आजच बदला.