भरती किती वाजता? हुशार मुलांना फेरीबोटीच्या धक्क्यावर विज्ञान कसं शिकवावं

सहावी-सातवीतल्या हुशार मुलाला भरती कशामुळे येते असं विचारलंत, तर तुमचा प्रश्न संपायच्या आत उत्तर येतं: चंद्राच्या गुरुत्वाकर्षणामुळे. शाबासकी देऊन पुढे जाऊ नका. ‘मग दिवसातून दोनदा का?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. अशा मुलांना वरच्या इयत्तेचं पुस्तक दिलं तर तेही ती वाचून मोकळी होतात. त्यांना प्रश्न हवा तो असा, की ज्याचं उत्तर स्वतः मोजल्याशिवाय मिळत नाही. गोव्यात त्यासाठी लांब जायला नको, मांडवी नदीवरचा रायबंदर-चोडण फेरीबोटीचा धक्का पुरे.

पाऊस सरल्यावर सुरुवात करा. पावसाळ्यात मांडवीला लोंढा येऊन हिशेब बिघडतो, शिवाय धक्का निसरडा. तिथल्या कर्मचाऱ्यांना आधी विचारा. दोन-तीन मुलं, सोबत एक मोठं माणूस. पाण्यात उतरायचं नाही.

पहिलं काम अंदाजाचं. कोकणपट्टीत जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता. हा हिशेब मांडून प्रत्येकाने आपला अंदाज वहीत पेनने लिहायचा. हुशार मुलांना चुकायची भारी धास्ती असते. पेन्सिल दिलीत तर खोडरबर आधी बाहेर येतो.

मग दर पंधरा मिनिटांनी मोजणी. कशी मोजायची ते सांगू नका. बहुतेक जण उतारावर पाण्याच्या कडेला खडूची खूण करतात आणि टेपने अंतर घेतात. घेऊ द्या. थोड्या वेळाने कुणीतरी म्हणेलच, ‘अरे, हे उतारावरचं अंतर, उंची नव्हे!’ त्या वेळी पिशवीतून गवंड्याची पारदर्शक नळी काढा. पाणी भरलेल्या नळीच्या दोन्ही टोकांना पातळी एकच राहते. त्यावरून दोन खुणांमधली खरी उंची कशी काढायची, हे त्यांना शोधू द्या. नळीत बुडबुडा राहिला की माप चुकतं, एवढं मात्र सांगून टाका, नाहीतर अख्खी संध्याकाळ त्यातच जाते.

पुढची अडचण फेरीबोट आणते. बोट लागली की लाटा उसळतात, मग कडा नक्की कुठे धरायची? मुलं भांडतात, सरासरी काढून बघतात. अगदीच अडली तर एक पीव्हीसी पाइप द्या, तळ बंद केलेला आणि बुडाशी बारीक भोक पाडलेला. तो कठड्याला उभा बांधला की आतलं पाणी बाहेरच्या लाटांनी फारसं हलत नाही, भरतीबरोबर हळूहळू चढतं. आत थर्माकोलचा तुकडा आणि त्यावर हलकी काडी ठेवली की वाचन सोपं. बंदरांवरचे जुने भरतीमापकही याच तत्त्वावर चालत.

एका दिवसात हे संपत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला एकदा मोजा, अष्टमीच्या सुमारास भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो तेव्हा, एकदा. भरती रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा येते, हे आकड्यांतून त्यांनाच दिसू द्या. एकाच दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, हे कुणाच्या लक्षात आलं तर बाकीचं बाजूला ठेवून त्यामागे लागा. तुम्ही विचारायचं ते दोनच: ‘कशावरून?’ आणि ‘दुसऱ्याने मोजलं तर तेच येईल?’ आणि हो, सगळ्यात हुशार मुलाला बाकीच्यांचा मास्तर करू नका. त्याला स्वतःला शिकायचं असतं.

छापील आकडे अगदी शेवटी. भारतीय सर्वेक्षण विभाग मुरगाव बंदरासाठी भरतीचे अंदाज प्रसिद्ध करतो. मुरगाव जुवारी नदीच्या मुखाशी, आपला धक्का मांडवीत आत, म्हणजे फरक पडणार. कोष्टक, तिथीचा ठोकताळा आणि स्वतःची वही, तिन्ही शेजारी ठेवून कुठे किती मिनिटांचा फरक पडतो ते लिहायला लावा. पुढची जागा मुलांनीच निवडावी. कुंभारजुव्याचा कालवा निघाला तर दोन गट करा. तिथे भरती मांडवीकडूनही शिरते आणि जुवारीकडूनही.