घडीच्या खेळाचं मोठं छापचित्र करताय? या चुका टाळा

कागदाला घड्या घालायच्या. एकाने डोकं काढायचं, दुसऱ्याने धड, तिसऱ्याने पाय, आणि आधीच्याचं कुणी बघायचं नाही. १९२५ च्या सुमारास पॅरिसमध्ये आंद्रे ब्रताँ, इव्ह तांगी, झाक प्रेव्हेर या अतिवास्तववादी मंडळींनी हा खेळ सुरू केला. आधी तो शब्दांचा होता. त्यातून ‘देखणं प्रेत नवी वाइन पिणार’ असं काहीतरी वाक्य निघालं आणि खेळाला ‘देखणं प्रेत’ हेच नाव चिकटलं.

हाच खेळ आठ बाय चार फुटांच्या प्लायवर, प्रत्येकाने आपापली फळी कोरून छापायचा म्हटलं की लोक चित्राबरोबर मापंही लपवतात. घोळ तिथेच होतो.

आमची मान ४ इंच सरकली होती. फळी ४ फूट रुंद, मानेच्या खुणा डावीकडून १८ आणि २६ इंचांवर, असं ठरलेलं. छाप उलटा येतो म्हणून डोकंवाल्याने ट्रेसिंग पेपर पालथा घालून खुणा उतरवल्या. धडवालीने सरळ पट्टी लावली. छापल्यावर वरची मान १८ ते २६ मध्ये, खालची २२ ते ३० मध्ये! तेव्हापासून कोरायच्या आधी फळ्या एकमेकींना भिडवून ठेवतो, सांध्यावरून एकाच पट्टीने दोन्हींवर रेघा ओढतो आणि मगच ज्याची त्याला देतो. सांध्यालगतचे दोन सेंटिमीटर शेवटी, सगळे एकत्र आल्यावर कोरायचे.

फळ्या एकाच प्लायमधून कापा. एकाने ८ मिमीची आणली, दुसऱ्याने १२ ची, तर सांध्यापाशी पातळ फळीवर दाब पोचत नाही आणि आडवा पांढरा पट्टा राहतो. तसं झालंच तर पातळ फळीखाली पुठ्ठा भरा.

शाई एकानेच कालवावी. उन्हाळ्यात पाण्याची शाई तिसऱ्या फळीपर्यंत पोचेतो पहिलीवर वाळलेली असते, म्हणून तेलाचीच घ्या. रूळ फिरवताना कान द्या: बारीक चरचर आली तर ठीक. पचपच आवाज आला तर शाई जास्त झाली, बारीक रेषा बुजणार.

एवढा मोठा कागद सहज मिळत नाही. मांजरपाट उत्तम, पण धुऊन खळ काढल्याशिवाय शाई धरत नाही.

दाबायला रोड रोलर मिळाला तर कंपन बंद ठेवायला सांगा. फळ्यांच्या चारी बाजूंनी पट्ट्या ठोका, नाहीतर सगळं पुढे सरकतं. कापडावर घोंगडी, घोंगडीवर प्लाय. चालकाला आधीच बजावा: एका दमात सरळ पार जायचं, मध्ये थांबायचं नाही, मागे तर मुळीच घ्यायचं नाही. आमच्याकडे हौसेने परत फिरवला आणि पायांना दुहेरी कड आली.

एवढं करूनही सांध्यावर केसाएवढी पांढरी रेघ दिसतेच. ती ब्रशने भरणारे असतात. मी भरत नाही. मूळ खेळातही घडीची खूण कागदावर राहायचीच.