प्रिंटमध्ये डोकी का कापली जातात?
बहुतेक मोबाइलचे फोटो ४:३ प्रमाणात निघतात, पण ४ बाय ६ इंचाच्या प्रिंटचं प्रमाण ३:२ असतं. आडवा फोटो कागदभर बसवला की उंचीतला साधारण अर्धा इंच छाटला जातो. ग्रुप फोटोत मागच्या रांगेतली उंच मंडळी नेमकी तिथेच सापडतात! म्हणून प्रिंटला देण्याआधी फोटो स्वतःच ३:२ मध्ये क्रॉप करा; कात्री कुठे लावायची ते मशीनवर सोडू नका. मात्र मूळ फाइल तशीच ठेवा, क्रॉप केलेली प्रत वेगळ्या नावाने सेव्ह करा.

या आकाराला १८०० बाय १२०० पिक्सेल पुरतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेली प्रत शक्यतो टाळा, मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा.