पहाटेच्या सायकल सरावात बधिर होणारी बोटे
२०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) साडेतेरा तासांची मुदत असते, म्हणून डिसेंबरात भल्या पहाटे बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे सराव सुरू केला. पण उतारावर वाऱ्याने बोटे इतकी बधिर होत की ब्रेक दाबला गेला की नाही हेच कळेना. जाड हातमोज्यांनी फारसा फरक पडला नाही. छाती गारठली की शरीर हातापायांचा रक्तपुरवठा आवरते घेते, हे ध्यानात घेऊन उतारापूर्वी जर्सीच्या आत वर्तमानपत्राची चौपदरी घडी सरकवू लागलो (रविवारची पुरवणी मिळाली तर उत्तमच) आणि चढ लागताच ती काढू लागलो, कारण घामाने भिजलेला कागद उलट गारवाच धरतो. आता बोटे वळतात. थंडीत तहान जाणवत नाही, म्हणून बाटलीत चिमूटभर मीठ घातलेले कोमट गूळपाणी असते. वाटेतल्या कणकुंबी गावी चहा होतो तो वेगळाच.