घरातली स्पॅनिश वर्षभर टिकवायची आहे? या चुका टाळा

पुण्याहून आम्ही रत्नागिरीला आलो तेव्हा लेक पाचवीत गेली होती. पुण्यात तीन वर्षं ती शाळेत स्पॅनिश शिकली, इथल्या शाळेत तो विषयच नाही. दिवाळी येईस्तोवर तिला आकडेसुद्धा धड आठवेनात. तेव्हापासून ही भाषा घरात धरून ठेवायचा प्रयत्न चालू आहे, आणि चुका बहुतेक सगळ्या माझ्याच हातून झाल्या.

पहिली चूक रविवारची. आठवडाभर काही नाही आणि रविवारी दोन तास वही! बुधवारपर्यंत सगळं पुसलेलं. रोजची दहा मिनिटं पुरतात, फक्त ती घरातल्या एखाद्या कामाला बांधायची. ताटं घेताना 'प्लातो, बासो, कुचारा', म्हणजे ताट, पेला, चमचा. मे महिन्यात पेटी भरताना आंबे स्पॅनिशमध्ये मोजायचे. पाच डझनाच्या पेटीने आमचा 'सेसेन्ता' म्हणजे साठ आणि 'सेतेन्ता' म्हणजे सत्तर हा जुना घोळ कायमचा मिटवला.

नुसत्या मोबाइलवर विसंबू नका. आषाढात वीज जाते, पाठोपाठ नेटवर्क जातं आणि सराव तिथेच थांबतो. चित्रांची कार्डं पुठ्ठ्यावर करून ठेवा.

सगळ्यात मोठी चूक मला उशिरा उमगली. मी स्पॅनिश इंग्रजीतून शिकवत होते. त्यामुळे लेक 'तू'चा 'टू' करायची. खरं तर स्पॅनिशमधले त आणि द आपल्यासारखेच, जीभ दाताला लावून. प, त, क यांच्यात इंग्रजीसारखा हकारही मिसळत नाही. आणि 'मे गुस्ता एल मांगो' हे वाक्य इंग्रजीतून समजावताना दोघी रडकुंडीला आलो होतो, कारण तिथे आवडणारी गोष्ट कर्ता असते. एके संध्याकाळी तिला म्हटलं, मराठीत बोल. मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. मे गुस्ता एल मांगो, मे गुस्तान लोस मांगोस. आंबे वाढले की क्रियापद बदलतं, दोन्हीकडे तसंच. मग तो धडा पुन्हा घ्यावा लागला नाही. साबण, पाव, चावी हे आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द, त्यामुळे त्यांची स्पॅनिश भावंडं 'खाबोन', 'पान', 'याबे' पटकन ओळखीची होतात. ('खाबोन'मधला ख मात्र घशातून, खरखरीत.)

लिंगाच्या बाबतीत मात्र मराठीचा भरवसा धरू नका. आपला पाऊस पुल्लिंगी, त्यांची 'युबिया' स्त्रीलिंगी. नपुंसकलिंगी नाम तर तिथे नाहीच. म्हणून प्रत्येक नाम पुल्लिंगाच्या 'एल' किंवा स्त्रीलिंगाच्या 'ला'सकट पाठ करून घ्यायचं. मूल 'ला प्रोब्लेमा' म्हणालं तर त्याला मध्येच तोडू नका, उत्तर देताना 'एल प्रोब्लेमा' असं बरोबर रूप आपण वापरावं. मी दर वाक्याला थांबवायचे, तेव्हा ती वाक्यंच करेनाशी झाली.

गणपतीत घर भरलेलं असताना "जरा स्पॅनिश बोलून दाखव गं" असं मी म्हटलं होतं. ती गप्प झाली ती पुढे महिनाभर. पाहुण्यांपुढे परीक्षा घेऊ नका, हे मी हात जोडून सांगते.

"आम्हालाच येत नाही, शिकवणार काय?" असं पालक म्हणतात. मुलाच्या मागून शिका, त्याला तुमचे उच्चार सुधारू द्या. रेवदंड्याजवळच्या कोर्लईत पोर्तुगीज १७४० मध्ये गेले, पण पोर्तुगीजमधून घडलेली बोली तिथली कुटुंबं आजही घरात बोलतात, आजूबाजूला सगळी मराठी असताना. चुलीपाशी, अंगणात ती रोज कानावर पडते, म्हणून टिकली.

मोठा खंड पडला असेल तर व्याकरणाने सुरुवात करू नका. पंधरा दिवस फक्त ऐकू द्या, गाणी लावा, सोप्या गोष्टी वाचून दाखवा. मग 'पेरो' म्हणजे पण आणि 'पेर्रो' म्हणजे कुत्रा, यातला र घोळवायची पैज लावा. आमच्याकडे ती पैज अजून आजोबाच जिंकतात.